रक्ताचा अहवाल कसा वाचावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, ज्येष्ठांचा गौरव आणि हळदीकुंकू अशा भरगच्च कार्यक्रमात रक्त, लघवी आणि प्रयोगशाळा यांसारखा रुक्ष विषय घेऊन उभे राहणे म्हणजे केशरी भाताच्या पंगतीत कडुलिंबाचा रस वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु गुढीपाडव्याला तो रस आपण श्रद्धेने घेतोच. तेव्हा आजही तो घ्याल, अशी आशा आहे.

हा विषय मी आपल्या मनाने निवडलेला नाही. सभासद-कुटुंबांसाठी रक्ततपासणीचे शिबिर भरवावे, ही सूचना मंडळापुढे विचारार्थ आहे. कोणी म्हणतात, एकाच वेळी साठ-सत्तर चाचण्या स्वस्तात करून मिळतात, त्या सर्वांच्याच करून घ्याव्या; कोणी म्हणतात, मंडळाच्या निधीचा हा अपव्यय होईल. माझे आयुष्य प्रयोगशाळेत गेलेले असल्यामुळे चिटणीसांनी मला या बाबतीत मत देण्यास सांगितले. मत मी देणारच आहे. पण त्यापूर्वी ज्या कागदावर हा सर्व खटाटोप अवलंबून आहे, तो अहवाल म्हणजे काय, हे आपण समजून घेऊ.

प्रयोगशाळेचा अहवाल आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. डावीकडे चाचणीचे नाव, मध्यभागी आलेला आकडा आणि उजवीकडे कंसात किंवा स्वतंत्र रकान्यात दोन आकडे: इतक्यापासून इतक्यापर्यंत. आकडा या दोहोंच्या दरम्यान असला तर तो साध्या अक्षरात छापतात. बाहेर गेला तर ठळक किंवा तांबड्या अक्षरात, शेजारी एखादा बाण किंवा तारा काढून. पूर्वी हा कागद वैद्यांच्या हाती जाई आणि त्याचा अर्थ त्यांच्याच तोंडून आपल्याला कळे. आता तो थेट आपल्या हातातील मोबाइलवर येतो. परिणाम असा झाला आहे, की घरातील प्रत्येक जण त्यातील ठळक अक्षरे तेवढी वाचतो. ठळक अक्षर दिसले, की त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. आणि एकही दिसले नाही, तर पेढे वाटावे असा आनंद होतो. माझे म्हणणे असे, की ही भीती आणि हा आनंद ही दोन्ही बहुधा अस्थानी असतात. याची कारणे त्या उजवीकडच्या रकान्यात आहेत.

हा रकाना तयार कसा होतो? विधात्याने तो लिहून ठेवलेला नाही. निरोगी दिसणाऱ्या पुष्कळ माणसांचे रक्त तपासतात. त्यांची संख्या निदान १२० असावी, असा आज सर्वमान्य दंडक आहे. आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडतात. मग अगदी खालच्या टोकाचे शेकडा अडीच आणि अगदी वरच्या टोकाचे शेकडा अडीच आकडे बाजूला काढतात. उरलेले मधले शेकडा ९५ आकडे ज्या दोन मर्यादांत बसतात, त्या मर्यादा अहवालावर छापल्या जातात. एखाद्या शाळेतील शंभर धडधाकट मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभे करावे आणि रांगेच्या दोन्ही टोकांची मिळून पाच मुले वेगळी काढावी, तसाच हा प्रकार आहे. ती पाच मुले आजारी आहेत काय? मुळीच नाहीत. कोणी आजोबांसारखा उंच निघाला, कोणी आजीसारखा ठेंगणा, एवढेच. पण रकान्याच्या नियमाप्रमाणे ती मर्यादेबाहेरची ठरली.

म्हणजे या व्याख्येतच हे गृहीत धरलेले आहे, की वीस निरोगी माणसांपैकी एकाचा आकडा रकान्याबाहेर जाणार. हे लक्षात घेऊनच फिनलंडमधील ग्रेसबेक आणि सारिस या दोन शास्त्रज्ञांनी १९६९ साली ‘नॉर्मल’ या शब्दाऐवजी ‘संदर्भमूल्य’ या अर्थाचा शब्द योजला. ‘नॉर्मल’ म्हटले, की त्याबाहेरचे सारे रोगट, असा ग्रह होतो. ‘संदर्भमूल्य’ हा शब्द अधिक विनयशील आहे. तो इतकेच सांगतो, की अमुक निरोगी समूहाचे आकडे असे आले, त्यांच्याशी आपला आकडा ताडून पाहा. तुलनेला आधार देणे हे त्याचे काम. निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही.

आता या एका नियमातून पुढे काय निष्पन्न होते ते पाहा. निरोगी माणसाची एकच चाचणी केली, तर ती निष्कारण ठळक अक्षरात येण्याची शक्यता शेकडा पाच. पण त्याच माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर सर्वच्या सर्व मर्यादेत येण्याची शक्यता अवघी शेकडा ३६ उरते. म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी ६४ जणांच्या अहवालात निदान एक तरी ठळक अक्षर असणार! चाळीस चाचण्या केल्या, तर ही संख्या ८७ पर्यंत जाते. प्रत्यक्षात पुष्कळ चाचण्या एकमेकींशी निगडित असल्यामुळे प्रमाण काहीसे कमी भरते; तथापि तत्त्व तेच राहते. सरसकट पुष्कळ चाचण्या केल्या, की निरोगी माणसांतूनही ‘रोगी’ निर्माण होतात. मग त्या एका आकड्यासाठी दुसरी चाचणी, दुसरीसाठी सोनोग्राफी, सोनोग्राफीत दिसलेल्या एखाद्या निरुपद्रवी गाठीसाठी आणखी काही. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार. यात पैसा जातो तो जातोच, आणि मनःस्वास्थ्यही जाते.

येथे कोणी विचारील, मग मधुमेहाची मर्यादाही अशीच काढलेली आहे काय? उत्तम प्रश्न आहे. नाही, ती निराळ्या रीतीने काढलेली आहे, आणि हा भेद प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काही आकडे समूहाची रांग लावून ठरत नाहीत. कोणत्या आकड्यापासून पुढे शरीराला अपाय होतो, हे पाहून ते ठरतात. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक असली, तर मधुमेह समजावा, ही मर्यादा अमेरिकेतील मधुमेह संघटनेने १९९७ साली स्वीकारली. त्यापूर्वी ती १४० होती. ती खाली आणण्याचे एक मोठे कारण असे, की साधारण त्या सुमारापासून पुढे डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा अधिक प्रमाणात दिसू लागतात, असे पाहण्यांतून आढळले होते. तीन महिन्यांच्या साखरेची म्हणून जी चाचणी आपण ओळखतो, तिची ६.५ टक्क्यांची मर्यादाही याच जातीची. यांना निर्णयमर्यादा म्हणावे. मात्र येथेही, रोगाची लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्कामोर्तब करीत नाहीत. दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. शिवाय रक्तात लोह कमी असले, तर ही तीन महिन्यांची साखर असते त्याहून थोडी अधिक दिसू शकते. आपल्याकडील स्त्रियांत लोहाची उणीव किती सर्रास आहे हे ध्यानात घेता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कोलेस्टेरॉलचेही असेच आहे. ज्या समाजात बहुतेकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, तेथे रांग लावून मर्यादा काढली, तर वाढलेला आकडाही मर्यादेत बसेल. गावातील सर्वांच्याच घरांना वाळवी लागली, तर वाळवी लागणे हे चांगले ठरत नाही! म्हणून तेथे हृदयविकाराचा धोका पाहून इष्ट आकडा ठरवितात. आणि तो धोका वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह आणि घराण्याचा इतिहास या सर्वांच्या मेळातून ठरतो. एकाच आकड्याचा अर्थ तिशीतील निर्व्यसनी तरुणाला एक आणि साठीतील मधुमेही गृहस्थाला दुसरा.

निर्णयमर्यादा बदलतात, हेही सांगितले पाहिजे. ड जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्या. २०११ साली एका मान्यवर अमेरिकन संस्थेने २० चा आकडा बहुतेकांना पुरेसा मानला. त्याच वर्षी तेथल्याच अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेने ३० चा आग्रह धरला. एका आकड्याने सुदृढ ठरणारा माणूस दुसऱ्याने रुग्ण ठरला! पुढे २०२४ साली त्या तज्ज्ञसंस्थेने ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची ही चाचणी सरसकट करू नये, असे सांगितले. शास्त्र चंचल आहे असा याचा अर्थ नव्हे. नवा पुरावा समोर आला, की जुने मत सोडण्याचा प्रामाणिकपणा शास्त्राजवळ आहे. पण गल्लोगल्ली ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घेणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता पुढचा मुद्दा. ज्या निरोगी समूहावरून रकाना काढला, तो समूह आपल्यासारखा होता काय? ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपण म्हणतो. प्रयोगशाळेलाही ते मानावे लागते. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली असले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे त्याला पांडुरोग म्हणतात. स्त्रीच्या बाबतीत ही मर्यादा १२ आहे. गर्भवतीच्या बाबतीत ११, आणि मधल्या तीन महिन्यांत १०.५. गर्भारपणात रक्तातील पाण्याचा अंश वाढून रक्त थोडे पातळ होते, म्हणून हा फरक. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचा एक घटक यकृताप्रमाणे वाढत्या हाडांतूनही रक्तात येतो. वयात येणाऱ्या मुलाचा हा आकडा मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. अहवालावर मोठ्या माणसाचा रकाना छापलेला असेल, तर मुलाच्या यकृताला काही झाले या कल्पनेने आईच्या पोटात गोळा उठतो. वस्तुतः मुलगा वाढतो आहे, एवढीच ती वार्ता असते!

याच्या उलट, साधे अक्षर फसवे कसे असते, त्याचे उदाहरण क्रिएटिनीनचे. हा पदार्थ स्नायूंतून रक्तात येतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली, की तो रक्तात साचतो. समजा, पंचवीस वर्षांच्या तरुणाचा आणि पंचाहत्तर वर्षांच्या त्याच्या आजीचा आकडा एकच आला, १.१. दोन्ही अहवालांत तो साध्या अक्षरात छापलेला आहे. परंतु वय आणि लिंग जमेस धरून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या शक्तीचा अंदाज काढण्याचे जे सूत्र २०२१ पासून प्रचारात आहे, ते लावले, तर नातवाची शक्ती सुमारे ९५ आणि आजीची सुमारे ५२ भरते. ही शक्ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मानतात. आजींच्या अंगावर मांस कमी, म्हणून त्यांच्या शरीरात क्रिएटिनीन मुळात कमीच तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडे मंदावली तरी आकडा फारसा चढत नाही. आजींचे गुडघे दुखतात म्हणून घरातील कोणीतरी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज देत असते, आणि ‘क्रिएटिनीन नॉर्मल आहे’ या समाधानात त्या गोळ्या त्याच मूत्रपिंडांना आणखी दुखवीत असतात. साध्या अक्षरांनी दिलेला निर्धास्तपणा असा महाग पडतो.

म्हणून मी आग्रहाने सांगतो, की आपला सर्वांत उत्तम संदर्भ म्हणजे आपण स्वतः. निरोगी माणसाचे आकडे वर्षानुवर्षे एका अरुंद पट्ट्यात फिरत असतात; छापील रकाना त्या पट्ट्याहून पुष्कळ रुंद असतो. ज्याचे क्रिएटिनीन दरवर्षी ०.७ येत होते, त्याचे यंदा १.१ आले, तर रकाना गप्प राहील. परंतु जुने अहवाल जपून ठेवलेले असतील, तर वैद्यांच्या कपाळाला आठी पडेल. आपण सोन्याच्या पावत्या जपतो, घराचे दस्तऐवज जपतो. घरातील प्रत्येकाच्या नावाची एक साधी फाईल करून तीत तारीखवार अहवाल लावून ठेवण्यास काय खर्च येणार आहे? शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, कारण पद्धत आणि यंत्र बदलले, की आकडा आणि रकाना ही दोन्ही थोडी बदलतात.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. इंग्लंडमधून मुलगा कळवितो, ‘माझी साखर ७ आली’, आणि येथे आई घाबरते, की साखर इतकी उतरली कशी! तेथे मोजण्याचे एकक वेगळे आहे. तेथल्या आकड्याला १८ ने गुणले, की आपला आकडा मिळतो. म्हणजे उपाशीपोटी ७ हा आपल्याकडील १२६ आहे. साखर उतरलेली नसून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. आकडा वाचण्यापूर्वी एकक वाचावे.

यंत्र आकडा देते, पण यंत्रात जाते ते रक्त कोणत्या स्थितीत काढले, हे यंत्राला ठाऊक नसते. रक्त काढून ते तसेच तासन्‌तास पडून राहिले, तर रक्तातील पेशी त्यातली साखर खात राहतात आणि तासागणिक ती शेकडा पाच ते सात कमी होते. म्हणून साखरेसाठी वेगळी, बहुधा करड्या टोपणाची नळी वापरतात. दंडाला पट्टा आवळून वारंवार मूठ उघडझाप केली, की पोटॅशियम वाढलेले दिसते. रक्त ओढताना पेशी फुटल्या, तरी तसेच होते. निजलेला माणूस उठून उभा राहिला, की रक्तातील पाण्याचा काही अंश ऊतींत उतरतो आणि प्रथिने व कोलेस्टेरॉल किंचित वाढलेली दिसतात. म्हणून रक्त देण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत जिलब्या आणि मठ्ठा यथेच्छ झाला असेल, तर सकाळचे ट्रायग्लिसराइड कोणाचे भूषण ठरणार नाही. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या थायरॉईडच्या काही चाचण्या चक्क खोट्या येऊ शकतात. यास्तव आपण कोणती औषधे, काढे, भस्मे आणि शक्तिवर्धके घेतो, हे रक्त देताना सांगावे. त्यात संकोच कसला?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: चाचणी कोणासाठी केली? एक हिशेब मांडतो. असा एखादा रोग घ्या, जो हजारात एकाला होतो. त्याची चाचणी इतकी उत्तम, की शंभर रोग्यांपैकी ९९ जणांना ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ९९ जणांना निर्दोष सोडते. एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली, तर १०० रोग्यांपैकी ९९ सापडतील. उरलेले ९९,९०० निरोगी; त्यांपैकी शेकडा एक, म्हणजे ९९९ लोकांवर खोटा ठपका येईल. एकूण ठपका आलेले १,०९८. त्यांत खरे रोगी ९९. म्हणजे अहवाल दोषी आला, तरी अकरांतील दहा जण निर्दोष! तीच चाचणी वैद्यांनी लक्षणे पाहून, नाडी पाहून, विचारपूर्वक निवडलेल्या रुग्णांत केली, तर तिचा शब्द खरा ठरतो. चाचणी तीच असते. तिचा शब्द किती खरा मानावा हे ती कोणासाठी केली यावरून ठरते.

विषमज्वरासाठी केल्या जाणाऱ्या विडाल चाचणीचे आपल्याकडे हेच झाले आहे. १८९६ साली फ्रान्समध्ये निघालेली ही चाचणी रक्तातील प्रतिपिंडे मोजते. परंतु जेथे विषमज्वर घरोघर होऊन गेलेला आहे, तेथे निरोग्यांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडतात. एकट्या विडालवर विसंबून कित्येकांना ‘टायफॉईड’ ठरविले जाते आणि निष्कारण औषधे दिली जातात. खात्रीचा मार्ग म्हणजे औषध सुरू करण्यापूर्वी रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची, ब्लड कल्चरची तपासणी.

आता मी त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी ज्ञातिमंडळासारखे व्यासपीठच योग्य आहे. एरव्ही अहवालातील ज्या ओळी कोणी पाहत नाही, त्यांत तांबड्या पेशींच्या आकाराची एक ओळ असते. तिला एमसीव्ही म्हणतात. हा आकडा ८० च्या खाली असला, तर पेशी लहान आहेत. बहुतेक वेळा कारण लोहाची उणीव. परंतु हिमोग्लोबिन किंचितच कमी, पेशी फार लहान, आणि पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा अधिक, असा मेळ दिसला, तर वैद्यांच्या मनात वेगळीच शंका आली पाहिजे: हा माणूस थॅलेसेमियाचा वाहक असेल काय? ती शंका फेडण्यास हिमोग्लोबिनचे घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी नावाची चाचणी करतात. तीत ‘हिमोग्लोबिन ए-टू’ हा घटक साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाला, तर बहुधा ती व्यक्ती वाहक असते. लोहाची तीव्र उणीव असताना हा घटक थोडा कमी दिसू शकतो. म्हणून निकाल काठावर असल्यास उणीव भरून काढून पुन्हा पाहतात.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगतो. वाहक स्त्री-पुरुष शाळा शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, दीर्घायुषी होतात. पुष्कळांना आपण वाहक आहोत याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मात्र वाहकाचा विवाह वाहकाशी झाला, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल थॅलेसेमियाचे रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलाला साधारणतः तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्या रक्तातून साचणारे लोह बाहेर काढण्याची औषधे सतत द्यावी लागतात, आणि हे जन्मभर चालते. त्या आईबापांची ससेहोलपट ज्याने पाहिली आहे, तो ती विसरू शकत नाही.

भारतात शेकडा तीन ते चार लोक वाहक असावेत असा अंदाज आहे. पण हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. काही ज्ञातींत ते पुष्कळ अधिक आहे. कारण उघड आहे. ज्या समूहात पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच सोयरिकी होतात, त्यात एखादा दोष आला, की तो त्याच अंगणात फिरत राहतो. आते-मामे भावंडांच्या विवाहाने तो अधिकच जवळ येतो. विदर्भात आणि अन्यत्र काही समाजांत सिकलसेल या रक्तदोषाचेही असेच आहे, आणि त्यासाठी २०२३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. भूमध्य समुद्रातील सायप्रस या लहानशा देशात थॅलेसेमियाचे प्रमाण फार मोठे होते. तेथे विवाहापूर्वी रक्ततपासणीची प्रथा पडल्यानंतर या रोगाने पीडित अशी मुले जन्मणे जवळजवळ थांबले. जे एका लहान देशाला साधले, ते वधूवर सूचक केंद्र चालविणाऱ्या मंडळांना अशक्य का असावे?

आपण पत्रिका जुळवितो, गुण मोजतो, नाडी पाहतो. ज्याला त्यावर श्रद्धा आहे त्याने ते खुशाल करावे; मला त्यात बोलायचे नाही. माझी विनंती इतकीच, की त्या छत्तीस गुणांच्या जोडीला हा एक सदतिसावा गुण पाहावा: दोघेही वाहक नाहीत ना? एक वाहक असला तरी विवाहास काडीचीही आडकाठी नाही. दोघेही वाहक निघाले, तर त्यांनी समुपदेशकाकडे जावे. विवाह झाला असेल, तरी गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. ही चाचणी आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते.

परंतु या कामात एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आपल्या समाजात कोणतीही गोष्ट आधी मुलीकडे बोट दाखविते. ‘तिच्या रक्तात काहीतरी आहे म्हणे’ एवढी कुजबूज एखाद्या निरोगी, सुशिक्षित मुलीचे लग्न मोडण्यास पुरते. म्हणून मंडळाने हे काम हाती घ्यायचे, तर तीन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, तपासणी मुलगा आणि मुलगी दोघांची, एकाच नियमाने. दुसरे, निकाल ज्याचा त्याच्याच हाती बंद पाकिटात द्यावा. सूचक केंद्राच्या वहीत त्याची नोंद होऊ नये. तिसरे, निकालाबरोबर त्याचा अर्थ समजावून सांगणारा जाणता माणूस समोर असावा. ही पथ्ये पाळणे जमत नसेल, तर तपासणी न केलेली बरी.

आता शिबिराविषयी माझे मत. सर्वांच्या सत्तर चाचण्या करू नयेत. हे शिबिर दोनशे माणसांचे झाले आणि प्रत्येकाच्या वीसच चाचण्या केल्या, तरी मघाच्या हिशेबाने शंभराहून अधिक निरोगी माणसे घाबरून घरी जातील. त्याऐवजी त्याच निधीतून चार कामे करावी. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर पाहावी. स्त्रिया आणि वयात येणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन व पेशींचा आकार पाहावा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांचे क्रिएटिनीन, गाळण्याच्या शक्तीसह, आणि लघवीतील प्रथिने पाहावी. आणि विवाहेच्छू तरुण-तरुणींची, त्यांची इच्छा असल्यास, थॅलेसेमियाची तपासणी करावी. प्रयोगशाळा निवडताना दर पाहण्याआधी तिच्याजवळ एनएबीएलची मान्यता आहे काय, आणि ती आपल्या यंत्रांची नित्य गुणवत्ता-पडताळणी करते काय, हे विचारावे. विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. चांगली प्रयोगशाळा या प्रश्नाने रागावत नाही. शेवटी, शिबिरात आढळलेल्या प्रत्येक दोषाचा पाठपुरावा कोण करणार, हे आधी ठरवावे. पाठपुरावा नसलेले शिबिर म्हणजे पेरणी करून शेताकडे पाठ फिरविणे होय.

बंधुभगिनींनो, आकडा खोटे बोलत नाही असे म्हणतात. माझ्या अनुभवाने मी इतकेच म्हणेन, की आकडा खोटे बोलत नसला, तरी तो अर्धेच बोलतो. उरलेले अर्धे रुग्णाचे वय, त्याची लक्षणे, त्याचा पूर्वेतिहास आणि त्याला पाहणारा डोळस वैद्य यांच्याकडून ऐकावे लागते. ठळक अक्षर दिसले तर घाबरू नका, आणि सारी अक्षरे साधी आली तर बेफिकीर होऊ नका. कागद घेऊन आपल्या वैद्यांकडे जा, जुने कागद बरोबर न्या, आणि ‘याचा माझ्या बाबतीत अर्थ काय?’ हा एकच प्रश्न विचारा.

मंडळाने माझ्या सूचनांचा विचार करावा, अशी नम्र विनंती.